झुंबराचा हॉल आणि नऊ दिवसांचा रेंडर

या वेळी आलेले प्रश्न चाळले तर बहुतेक एकाच दुखण्याचे निघाले. खोलीच्या नाहीतर हॉलच्या आतला सीन, त्यात लाईटच लाईट, कॅमेरा फिरतोय आणि रेंडर (थ्रीडी सीनची चित्रं कॉम्प्युटरने काढायचं काम) काही केल्या संपत नाही. म्हणून हे सदर आख्खं त्यालाच दिलंय. पहिलं उत्तर लांबलंय, पण बाकीच्यांनी पण ते आधी वाचा, तेच तेच परत लिहायला नको.

प्रश्न : ताई नमस्कार. मी विश्रामबाग, सांगलीला इंटिरिअरची कामं करतो. मिरज रोडवरच्या एका मंगल कार्यालयाचं वॉकथ्रू (आतनं फिरून दाखवणारा व्हिडिओ) करायला घेतलंय, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, त्यातल्या सायकल्स या रेंडर इंजिनवर. फॉल्स सीलिंगमध्ये एलईडी पट्ट्या, ६४ स्पॉट, मधोमध एक मोठं ४० बल्बचं झुंबर, स्टेजला वेगळे लाईट. ४० सेकंदांचं ॲनिमेशन आहे आणि एका फ्रेमला १४ मिनिटं जातायत. सॅम्पल (एका पिक्सेलला किती किरण सोडायचे ते) कमी केले की भिंतीवर दाणे दिसतात, वाढवले की वेळ वाढतो. मालकांना तुळशीच्या लग्नाआधी व्हिडिओ पाहिजे, नंतर तारखा बुक व्हायला लागतात. नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊ का? सेटिंगचा स्क्रीनशॉट आणि झुंबराची फाईल पाठवतोय.

कार्डाचं नंतर बघू, आधी हिशोब करू. ४० सेकंद म्हणजे सेकंदाला २५ धरून १००० फ्रेम, गुणिले १४ मिनिटं म्हणजे २३३ तास, म्हणजे मशीन रात्रंदिवस चालवलं तरी नऊ दिवस आणि वर सतरा तास. आणि दहाव्या दिवशी मालक व्हिडिओ बघून म्हणणार, छान झालंय हो, फक्त स्टेजचा पडदा तेवढा मरून करा. म्हणून ॲनिमेशनला हात लावायच्या आधी फ्रेमचं बजेट ठरवायचं. ३ मिनिटं ठरवली तर ५० तास होतात, शुक्रवारी रात्री लावून रविवारी रात्री हातात येतं, दुरुस्त्यांना पण जागा राहते. मग जे काय करायचं ते त्या ३ मिनिटांत बसवायचं.

तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये मॅक्स सॅम्पल्स ४०९६ आणि नॉइज थ्रेशोल्ड (किती दाणे चालतील ती मर्यादा) ०.०१ दिसतंय, म्हणजे ब्लेंडरने दिलं तसंच ठेवलंय. एका स्टिल फोटोला ते चालून जातं, हजार फ्रेमला नाही. सॅम्पलचं गणित मोठं चिवट असतं, दाणे निम्मे करायचे तर सॅम्पल चौपट लागतात. २५६ वरनं १०२४ वर गेलात की वेळ चौपटीच्या आसपास जातो आणि दाणे मात्र फक्त निम्मे होतात, तिथनं परत निम्मे करायचे तर ४०९६. म्हणून सॅम्पल वाढवणं हे माझ्या मते सगळ्यात शेवटचं औषध. तुम्ही थ्रेशोल्ड ०.०३ ते ०.०५ च्या मध्ये ठेवा, मॅक्स ५१२ करा आणि ओपन इमेज डिनॉइज (उरलेले दाणे पुसणारं साधन) चालू करा. थ्रेशोल्डमुळे जी भिंत लवकर स्वच्छ होते तिथलं काम सायकल्स लवकर थांबवतं आणि उरलेला वेळ अवघड कोपऱ्यांना देतं.

पण एवढ्याने १४ चे ३ होणार नाहीत, कारण खरं दुखणं झुंबरात आहे आणि तुम्ही सॅम्पल सगळ्या हॉलचे वाढवत बसलाय, आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. झुंबराची फाईल उघडून बघितली. प्रत्येक बल्ब म्हणजे एक यूव्ही स्फिअर (ब्लेंडरमधला तयार गोळा), त्याला एमिशन मटेरियल (स्वतः उजेड देणारं). ब्लेंडरचा नेहमीचा यूव्ही स्फिअर ३२ सेगमेंट आणि १६ रिंगचा असतो, त्याचे त्रिकोण होतात ९६०. आता एमिशन असलेला प्रत्येक त्रिकोण हा सायकल्सच्या दृष्टीने एक वेगळा लाईट असतो. म्हणजे ४० बल्बांचे झाले ३८,४०० लाईट, आणि तुम्ही मला लिहिताय की हॉलमध्ये शंभरएक लाईट आहेत! त्यातले निम्म्याहून जास्त त्रिकोण बल्बच्या पाठीमागे नाहीतर पितळेच्या दांडीकडे तोंड करून बसलेत, त्यांचा जमिनीला काडीचा उपयोग नाही.

त्यावर उपाय असा की बल्ब दिसायचं काम आणि उजेड द्यायचं काम वेगवेगळं करायचं. झुंबराच्या मधोमध एक पॉइंट लाईट ठेवा, रेडियस जरा मोठी द्या म्हणजे सावल्या मऊ पडतील, झुंबर फारच पसरट असेल तर गोलात चार-पाच ठेवा, पण चाळीस नकोत. मग बल्बच्या मटेरियलमध्ये सेटिंग्जखाली एमिशन सॅम्पलिंग म्हणून पर्याय आहे तो नन करा, म्हणजे सायकल्स त्या त्रिकोणांना लाईट म्हणून मोजणारच नाही. आणि ऑब्जेक्टच्या व्हिजिबिलिटीमध्ये रे व्हिजिबिलिटीखाली डिफ्यूजची टिक काढून टाका. ही दुसरी पायरी बरेच जण विसरतात आणि मग म्हणतात दाणे अजून जास्त आले. होतं काय की सॅम्पलिंग बंद केलं तरी भिंतीवरनं उडालेला एखादा किरण चुकून बल्बवर जाऊन आपटतो आणि तिथे चमकता ठिपका येतो, फायरफ्लाय म्हणतात तो. डिफ्यूज काढलं की तो रस्ताच बंद. कॅमेऱ्याला बल्ब दिसतात, फरशीतल्या प्रतिबिंबात दिसतात, काचेच्या लोलकातनं दिसतात, मालकांना काही कळत नाही.

सीलिंगच्या पट्ट्यांचं पण तेच. वळणदार पट्टी मेश करून तिला एमिशन दिलंय, त्याऐवजी सरळ बाजूंना लांब आयताकृती एरिया लाईट टाका. ६४ स्पॉट आहेत ते राहू देत, त्यांचा त्रास फार नाही.

आता लाईट ट्री. ब्लेंडर ३.५ मध्ये, म्हणजे मार्च २०२३ ला, हे सायकल्समध्ये आलं आणि भरपूर लाईटच्या सीनला याच्याइतकी मोठी सोय दुसरी नाही. त्याच्या आधी प्रत्येक ठिकाणी कुठल्या लाईटकडे किरण पाठवायचा हे ठरवताना तो लाईट किती लांब आहे, कुठे तोंड करून आहे हे बघितलंच जात नव्हतं, मग स्टेजवरच्या खुर्चीसाठी दारातल्या लाईटला पण विचारलं जायचं आणि उत्तर यायचं शून्य. लाईट ट्रीमध्ये सगळ्या लाईटची अंतर, ताकद आणि दिशा बघून उतरंड लावलेली असते, त्यामुळे जो लाईट खरंच तिथे पोचतो त्यालाच जास्त वेळा विचारलं जातं. मुळातली युक्ती आलेहांद्रो कॉन्टी एस्तेवेझ आणि क्रिस्तोफर कुल्ला या सोनी पिक्चर्स इमेजवर्क्समधल्या दोघांनी २०१८ मध्ये मांडली होती, मोठ्या सिनेमांसाठी, आज ती आपल्याला फुकटात मिळतीय. सॅम्पलिंगमध्ये लाईट्सखाली त्याची टिक आहे, तुमची फाईल जुन्या आवृत्तीत सुरू केलेली असेल तर ती टिक आहे का हे एकदा डोळ्याने बघून घ्या. लाईट ट्रीमुळे एकेक सॅम्पल थोडं महाग होतं, त्यामुळे दोन-तीन लाईटच्या खोलीत फायदा जाणवायचा नाही, पण तुमच्या हॉलात नक्की जाणवेल.

बाउन्सेसमध्ये, म्हणजे किरण किती वेळा उडू द्यायचा त्यात, एकूण १२ आहेत. ग्लॉसी (चकचकीत पृष्ठभागांचे) ४ वरनं २ वर आणा, डिफ्यूज (भिंतीसारख्या मॅट पृष्ठभागांचे) ३ ठेवा, त्याखाली गेलात तर सीलिंगचे कोपरे काळे पडतात कारण पट्ट्यांचा उजेड आधी सीलिंगला आपटून मगच खाली येतो. ट्रान्समिशन (काचेतनं आरपार जाणाऱ्या किरणांचं) मात्र हपापल्यासारखं कमी करू नका, झुंबराचे लोलक एकामागे एक असतात, ३-४ वर आणलं तर मधले लोलक कोळशासारखे दिसतील, ६ ते ८ बघा. कॉस्टिक्सच्या (काचेतनं पडणाऱ्या उजेडाच्या नक्षीच्या) दोन्ही टिका काढा. क्लॅम्प इनडायरेक्ट (उडालेल्या उजेडाची कमाल मर्यादा) १० असतं ते ४-५ केलं तर ठिपके कमी होतात, हॉल किंचित अंधारतो, तो एक्स्पोजरने वर घ्या.

आणि परफॉर्मन्समध्ये पर्सिस्टंट डेटा चालू करा. तुमच्यात फक्त कॅमेरा हलतोय, तरी दर फ्रेमला मशीन खुर्च्या, पडदे, टेक्श्चर (वस्तूंवर चिकटवलेली चित्रं) सगळं नव्याने लोड करत बसतं. पर्सिस्टंट डेटाने ते मेमरीत राहतं. मेमरी जास्त खातं हे खरं, त्यामुळे पाठीमागच्या खुर्चीला ४के टेक्श्चर लावलं असेल तर ते १के करा.

एक करा, हे सगळं एकदम बदलू नका. ॲनिमेशनमधल्या सगळ्यात वाईट तीन फ्रेम निवडा, झुंबर जवळनं दिसतं ती, अंधारा कोपरा दिसतो ती आणि चकचकीत फरशी दिसते ती, रेझोल्यूशन ५० टक्के ठेवा आणि दर बदलानंतर या तीन फ्रेमचा वेळ वहीत लिहा. ५० टक्के म्हणजे पिक्सेल पाव होतात, पटकन कळतं कुठला बदल कामाचा आणि कुठला नुसता समाधानाचा.

एवढं करून पण बजेटात बसलं नाही तर बेक, म्हणजे उजेड एकदाच मोजून टेक्श्चरवर छापून टाकायचा. हॉलात काहीच हलत नाही, लाईट पण हलत नाहीत, म्हणजे भिंतीवर पडलेला उजेड पहिल्या फ्रेमला जो आहे तोच हजाराव्या फ्रेमला आहे, मग तो हजार वेळा कशाला मोजायचा? भिंती, सीलिंग, खांब यांना एकावर एक न येणारा दुसरा यूव्ही मॅप (पृष्ठभाग सपाट उलगडून केलेला नकाशा) द्या, सायकल्समधनं उजेड त्या टेक्श्चरवर बेक करा आणि तेच टेक्श्चर एमिशनमध्ये जोडा. मग फ्रेमला फार कामच उरत नाही. फक्त फरशी बेक करू नका, प्रतिबिंब कॅमेऱ्याबरोबर सरकतं, बेक केलं की ते जागेवर चिकटून बसतं आणि फरशी ओल्या फ्लेक्ससारखी दिसते. आणि मालक नंतर म्हणाले की पंखे फिरताना दाखवा, तर पंख्याची सावली बेक केलेल्या भिंतीवर पडणार नाही हे आधीच सांगून ठेवा.

कार्ड? हे सगळं झाल्यावर विचार करा. आधीच एनव्हिडियाचं आरटीएक्सचं कार्ड असेल तर प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमखाली ऑप्टिक्स (कार्डातली किरणांसाठीची खास सोय वापरणारा पर्याय) निवडलंय का बघा, कार्ड आरटीएक्सचं आणि निवडलेलं कुडा असं पुष्कळ ठिकाणी असतं.

प्रश्न : ताई, डिनॉइज लावल्यावर एक एक फ्रेम बघितली तर एकदम मस्त दिसते, पण व्हिडिओ केला की भिंत उकळल्यासारखी हलते. सॅम्पल ६४ आहेत. — मिरज

६४ आहेत तर उकळणारच की. डिनॉइजर दाण्यांवरनं अंदाज बांधतो की इथे काय असावं, आणि प्रत्येक फ्रेमचा अंदाज तो वेगळा बांधतो, मागच्या फ्रेमला काय ठरवलं होतं याची त्याला आठवण नसते. अंधाऱ्या कोपऱ्यात दाणे जास्त म्हणून तिथे अंदाज पण जास्त हुकतो. सॅम्पल २५६ च्या आसपास न्या, डिनॉइजरला अल्बेडो (पृष्ठभागाचा मूळ रंग) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) दोन्ही द्या, आणि लाईट ट्री, बल्बचं सॅम्पलिंग वगैरे वर सांगितलंय ते करा, म्हणजे डिनॉइजरकडे जाणारा माल मुळातच स्वच्छ असेल.

सीड, म्हणजे दाण्यांची नक्षी ज्यावरनं ठरते तो आकडा, एकच ठेवायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिलाच असेल, भिंत हलायची थांबते म्हणून. थांबते, पण मग दाण्यांची नक्षी पडद्याला चिकटते आणि कॅमेरा तिच्या पाठीमागनं सरकतो, घाणेरड्या काचेतनं बघितल्यासारखं वाटतं. कॅमेरा फिरत असेल तर सीडच्या शेजारचं घड्याळाचं चिन्ह दाबून ठेवा, दर फ्रेमला सीड बदलू दे. आणि तपासताना एकच फ्रेम बघून खूश होऊ नका, सलग २० फ्रेम काढून फिरवून बघा. स्टिलमध्ये खपतं ते व्हिडिओत खपत नाही.

प्रश्न : आम्ही सांगलीच्या कॉलेजचा नाटकाचा ग्रुप आहोत. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाच्या कार्यक्रमात स्टेजमागे स्क्रीनवर एक जुना दरबार हॉल दाखवायचाय, समया, हंड्या, पणत्या मिळून दीडशे ज्योती, सगळ्या लुकलुकताना. कॅमेरा स्थिर आहे, २ मिनिटांचा व्हिडिओ. ज्योती लुकलुकतात म्हणून बेक करता येत नाही असं एकाने सांगितलं. लॅपटॉप साधाच आहे. काय करू ताई?

वा! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत खेळ केला तेव्हा उजेडाला समया-मशालीच असणार, तुम्ही कल्पना चांगली काढलीय, आणि खरं सांगू का, या पानावरचा सगळ्यात सोपा प्रश्न तुमचाच आहे, तुम्ही उगाच घाबरलाय.

ज्याने बेक होत नाही सांगितलं त्याचं तसं बरोबर आहे, पण तुमचा कॅमेरा हलत नाही हे तो विसरला. कॅमेरा हलत नाही, खांब हलत नाहीत, फक्त ज्योतींचा उजेड कमी-जास्त होतो. आणि उजेड हा नुसता बेरजेचा मामला असतो. एका समईचा उजेड अधिक दुसऱ्या समईचा उजेड म्हणजे दोन्ही लावल्यावरचा उजेड, एक निम्मी केली तर बेरजेत तिचा वाटा निम्मा, बाकी काही बदलत नाही. म्हणजे समया वेगवेगळ्या रेंडर करून ठेवल्या तर लुकलुकणं नंतर बेरीज करताना करता येतं, ३००० फ्रेम रेंडर करायचं कारणच नाही.

ब्लेंडर ३.२ पासून सायकल्समध्ये लाईट ग्रुप आहेत, म्हणजे एकाच रेंडरमधनं प्रत्येक गटाचा उजेड वेगळा काढता येतो. दीडशे ज्योतींचे बारा ग्रुप करा. शेजारशेजारच्या दोन ज्योती एका ग्रुपात टाकू नका, नाहीतर आख्खा कोपरा एकदम लुकलुकेल आणि ट्यूबलाईटचा चोक गेल्यासारखं दिसेल, विखुरून टाका. ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमध्ये शेडिंगखाली लाईट ग्रुपचं नाव देता येतं, व्ह्यू लेयरच्या पासेसमध्ये (रेंडरमधनं वेगळी काढायची चित्रं म्हणजे पास) ते ग्रुप जोडायचे. मग एकच फ्रेम रेंडर करा, मल्टिलेयर ओपनईएक्सआरमध्ये (सगळे पास एकाच फाईलमध्ये ठेवणारा प्रकार). त्या एका फ्रेमला तुमचा साधा लॅपटॉप रात्रभर घेऊ दे, सॅम्पल भरपूर ठेवा, इथे कंजूषी नको कारण हीच फ्रेम पुढे सगळीकडे वापरायचीय.

मग कंपोझिटरमध्ये (ब्लेंडरमध्ये चित्रं एकत्र करायची जागा) बारा पास, प्रत्येकाला एका आकड्याने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज. आकड्याला की-फ्रेम द्या आणि ग्राफ एडिटरमध्ये त्याला नॉइज मॉडिफायर (आकडा आपोआप कमी-जास्त हलवणारं साधन) लावा, प्रत्येक ग्रुपची फेज वेगळी, ०.८ ते १.१ च्या मध्ये हलला तरी पुष्कळ, त्याहून जास्त हलवलं तर वारा सुटल्यासारखं वाटतं. दोन गोष्टी सांभाळा. पीएनजी किंवा जेपेग काढून ही बेरीज करू नका, त्यात रंगाचं वळण आधीच घातलेलं असतं आणि बेरीज चुकते, ईएक्सआरच पाहिजे. आणि रेंडर सेटिंगमधला डिनॉइज मुख्य चित्राला लागतो, ग्रुपचे पास दाणेदारच राहतात, तेव्हा प्रत्येक पासला कंपोझिटरमधला डिनॉइज नोड वेगळा जोडा. हे पण सगळं एकदाच, बारा स्वच्छ पास परत ईएक्सआरमध्ये सेव्ह करा आणि गुणाकार-बेरजेला तेच घ्या.

ज्योतीची आकृती स्वतः हलायला पाहिजे, तेवढी वेगळ्या लेयरवर छोटी रेंडर करून वर ठेवा, काळ्या पार्श्वभूमीवर नुसत्या ज्योती काढायला लॅपटॉपला जड नाही. ज्योत डोलली की सावली पण जरा डोलते, ती या पद्धतीत डोलणार नाही. तेवढं चालतं, समोर नट उभे असताना खांबाच्या सावलीकडे बघतंय कोण. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दिग्दर्शक म्हणाले की उजवीकडच्या हंड्या जरा मंद करा, तर दोन मिनिटांचं काम, फक्त त्या हंड्यांचे ग्रुप मात्र आधीच वेगळे ठेवा.

प्रश्न : मॅडम, मी साताऱ्याला गोडोलीत असतो, बिल्डर लोकांचे फ्लॅट वॉकथ्रू करतो थ्रीडीएस मॅक्स (ब्लेंडरसारखं थ्रीडी सॉफ्टवेअर) आणि व्हीरेवर (त्यात चालणारं रेंडर इंजिन). तीन बीएचके, प्रत्येक खोलीत पंधरा-वीस लाईट. इरॅडियन्स मॅप वापरतो, प्रत्येक फ्रेमला तो नव्याने काढतो आणि व्हिडिओत कोपऱ्यात डाग फडफडतात. वेळ पण फार जातो.

डाग फडफडतात ते त्यामुळेच. इरॅडियन्स मॅप काही ठिकाणीच उजेड मोजतो आणि मधलं भरून काढतो, दर फ्रेमला नव्याने काढला की मोजायच्या जागा पण दर फ्रेमला बदलतात. फक्त कॅमेरा हलत असेल तर मॅप एकदाच काढा. मोड इन्क्रिमेंटल ॲड टू करंट मॅप ठेवा, दर दहाव्या फ्रेमला पूर्वतयारीचा रेंडर मारा, कॅमेरा जोरात वळतो तिथे दर पाचव्या, मग मॅप सेव्ह करून फ्रॉम फाईल मोडवर सगळं ॲनिमेशन काढा. वेळ पण वाचतो आणि फडफड पण जाते. दार उघडतंय, पंखा फिरतोय, माणूस चालतोय असं काही असेल तर ही युक्ती लागू नाही, त्याला ब्रूट फोर्स (मधलं भरून न काढता सगळीकडे मोजणं) आणि लाईट कॅश (उजेडाचा आधी काढून ठेवलेला ढोबळ अंदाज), आणि वर डिनॉइजर.

ग्लोबल स्विचेसमध्ये लाईटचा पर्याय ॲडॅप्टिव्ह लाईट्स आहे का बघा, फुल इव्हॅल्युएशनवर असेल तर हॉलच्या फरशीसाठी बेडरूममधला दिवा पण तपासला जातो. ॲडॅप्टिव्ह लाईट कॅशच्या माहितीवर चालतं म्हणून सेकंडरीला (नंतर उडालेल्या उजेडाला) लाईट कॅश राहू द्या. टीव्ही युनिटच्या मागच्या पट्टीला व्हीरे लाईट मटेरियल लावून डायरेक्ट इल्युमिनेशन चालू केलेलं असतं बऱ्याच जणांनी, शोभेच्या पट्टीला त्याची गरज नाही, काढून टाका. आणि एक साधी गोष्ट, कॅमेरा किचनमध्ये असताना मास्टर बेडरूमचं दार बंद असेल तर त्या शॉटपुरते तिथले लाईट बंद करा ना. वॉकथ्रूचे खोलीनुसार तुकडे पाडले की हे सहज जमतं, आणि बिल्डरने टाईल बदलली तर तेवढाच तुकडा परत काढता येतो. बिल्डर टाईल बदलतोच.

प्रश्न : दादा किंवा ताई जे कोण असाल, मी कराडचा, डिप्लोमाला आहे. सायकल्स माझ्या लॅपटॉपवर चालतच नाही. ईव्हीवर (ब्लेंडरच्याच जलद रेंडर इंजिनवर) केलं तर मार्क कापतील का?

ताईच. मार्काचं तुझ्या सरांना विचार, पण ईव्हीत काही कमीपणा नाही रे. जुलै २०२४ ला आलेल्या ४.२ आवृत्तीत ईव्ही नव्याने लिहिलेलं आहे, पूर्वी १२८ लाईटची मर्यादा होती ती आता राहिली नाही. फक्त आतल्या सीनला लाईट प्रोब व्हॉल्यूम (खोलीतला उडालेला उजेड मोजून ठेवणारी चौकट) टाकून बेक करायला विसरू नको, त्याच्याशिवाय उजेड भिंतीवरनं नीट उडत नाही आणि खोली खोटी दिसते. आरशात आणि फरशीत जे स्क्रीनवर दिसतंय त्याचंच प्रतिबिंब येतं, कॅमेऱ्याच्या पाठीमागचं येत नाही, म्हणून शॉट लावताना मोठा आरसा समोर घेऊ नको. शोभेच्या लाईटची शॅडो बंद कर, ५० लाईटमध्ये ६-७ जणांची सावली दिसली तरी डोळ्याला पुरतं. लॅपटॉप गादीवर ठेवून रेंडर लावू नको, एप्रिलमध्ये तर नाहीच, गरम झाला की तो आपोआप हळू होतो आणि तू सेटिंगला दोष देत बसतोस.

प्रश्न : वळवाचा पाऊस झाला, रात्री लाईट गेली, सहाशे फ्रेम झालेलं रेंडर गेलं, एमपी४ फाईल उघडतच नाही. परत मिळेल का? आणि घरात दोन कॉम्प्युटर आहेत, दोन्हीवर मिळून करता येतं का? — तासगाव

परत मिळेल याच्या नादाला लागू नका, वेळ जाईल. एमपी४ शेवटी नीट बंद झाली नाही की बहुतेक वेळा उघडत नाही. यापुढे थेट व्हिडिओत रेंडर करायचंच नाही, पीएनजी नाहीतर ईएक्सआरच्या सुट्या फ्रेम काढायच्या आणि सगळं झाल्यावर ब्लेंडरच्याच व्हिडिओ सीक्वेन्सरमध्ये जोडून एमपी४ करायची, त्याला काही मिनिटं लागतात. मग ६०० फ्रेम झाल्यावर लाईट गेली तर ६०१ पासून सुरू, फार तर चालू असलेली एक फ्रेम जाते.

दोन कॉम्प्युटरचं पण याच्यातच आहे. आऊटपुट प्रॉपर्टीजमध्ये ओव्हरराईटची टिक काढा, प्लेसहोल्डर्सची लावा, आणि दोन्ही मशीनवर तीच फाईल उघडून आऊटपुट एकाच शेअर केलेल्या फोल्डरला द्या. एक मशीन फ्रेम घेताना तिथे रिकामी फाईल ठेवतं, दुसरं ती बघून पुढची घेतं, आपोआप वाटणी होते. दोन्हीकडे ब्लेंडरची आवृत्ती एकच पाहिजे आणि टेक्श्चर फाईलमध्ये पॅक केलेले पाहिजेत, नाहीतर निम्म्या फ्रेममध्ये सोफा गुलाबी येतो. लाईट गेल्यावर त्या क्षणी चालू असलेल्या फ्रेमची ० केबीची रिकामी फाईल मागे राहते, परत सुरू करायच्या आधी फोल्डर साईझप्रमाणे लावून तेवढी डिलीट करा, नाहीतर मशीन ती झालीय समजून पुढे जाईल आणि व्हिडिओत तिथे एक झटका बसेल.